नोंदवहीतलं माहेर

आयर्लंडमधल्या आपल्या पूर्वजांचा शोध घ्यायला बसलेल्या माणसाला कुणी ना कुणी लगेच सांगतं, ‘तिथलं सगळं १९२२ साली जळालं.’ अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आयरिश घराण्यांत हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि त्यामुळे कित्येकांनी शोध सुरू होण्याआधीच सोडून दिला आहे. जे जळालं ते खरंच भरून न येणारं होतं. पण जन्म आणि लग्न यांच्या नोंदींचा मोठा भाग त्या आगीतून वाचला, कारण तो त्या इमारतीत नव्हताच. शिवाय या वाचलेल्या नोंदींमध्ये एक अशी गोष्ट आहे, जी शेजारच्या इंग्लंडमधल्या त्या काळच्या चर्चच्या वह्यांत सहसा मिळत नाही: बाईचं माहेरचं आडनाव. आयरिश वंशशोध उभा राहतो तो या आडनावावर. ते मिळालं की दारं उघडतात, ते हरवलं किंवा कुणी मुद्दाम लपवलं की शोध थांबतो. हा आढावा त्या अंगाने घेतला आहे.

आधी आगीचं पाहू. डब्लिनमध्ये लिफी नदीकाठी फोर कोर्ट्‌स ही न्यायालयाची इमारत आहे आणि तिच्या आवारात सार्वजनिक अभिलेखागार होतं. ब्रिटनशी झालेला करार मान्य नसलेल्या सैनिकांनी एप्रिल १९२२ मध्ये ही जागा ताब्यात घेतली. २८ जूनला हंगामी सरकारच्या फौजांनी तोफा डागायला सुरुवात केली आणि ३० जूनला झालेल्या स्फोटात आणि आगीत सात शतकांचं दप्तर संपलं. जळके कागद शहरभर उडत राहिले. हर्बर्ट वूड या अधिकाऱ्याने त्या अभिलेखागाराची तपशीलवार मार्गदर्शिका १९१९ मध्ये छापली होती. त्यामुळे तीनच वर्षांनी काय काय गेलं, याची नेमकी यादी मात्र शिल्लक राहिली. २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षं होत असताना, ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जे आभासी अभिलेखागार उभं राहिलं, त्याचा पाया ही यादीच आहे. जगभरच्या संग्रहांतल्या नकला आणि उतारे शोधून ते रिकामे कप्पे भरण्याचं काम तिथे चालू आहे.

त्या आगीत १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची कागदपत्रं जवळजवळ पूर्ण गेली. पण पुढच्या चार जनगणनांचा आगीशी काहीच संबंध नाही. १८६१ आणि १८७१ ची पत्रकं सरकारनेच आकडेवारी काढून झाल्यावर नष्ट करून टाकली होती. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत, लगद्यासाठी गेली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या आयरिश जनगणनांचा अर्धा भाग तोफांनी नाही, तर कारकुनी निर्णयांनी संपवला. याची चर्चा फार कमी होते. तोफेच्या गोळ्याची गोष्ट सांगायला सोपी असते, एवढंच त्याचं कारण असावं. पूर्ण उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या दोन जनगणना. त्या आज आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांना मोफत पाहायला ठेवल्या आहेत.

जन्म-लग्नाच्या नोंदींचं काय झालं, ते धर्मावर अवलंबून होतं. चर्च ऑफ आयर्लंड हे १८७१ पर्यंत राज्याचं अधिकृत चर्च. बहुसंख्य लोक कॅथलिक असलेल्या देशात अल्पसंख्य प्रोटेस्टंट धर्म अधिकृत होता. त्याचा अधिकृत दर्जा गेल्यावर त्याच्या वह्या सार्वजनिक दस्तऐवज ठरल्या आणि कायद्याने त्या डब्लिनला जमा कराव्या लागल्या. ज्या पॅरिशकडे वह्या सुरक्षित ठेवायची चांगली सोय होती, त्यांना त्या स्वतःकडे ठेवायची सवलत मिळाली. तरीही चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त वह्या जळाल्या. कॅथलिक चर्चच्या वह्या सरकारने कधी सार्वजनिक मानल्याच नाहीत. त्या गावोगावी पाद्र्याच्या घरातच राहिल्या आणि वाचल्या. ज्यांच्या नोंदींना राज्याने आपलं म्हटलं, त्यांच्या गेल्या; ज्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, त्यांच्या टिकल्या.

पण टिकलेली वही मुळात सुरू कधी झाली, हा प्रश्न उरतोच. अठराव्या शतकातल्या कॅथलिकविरोधी कायद्यांमुळे पाद्र्यांना उघडपणे वावरणंही कठीण होतं, नोंदवह्या ठेवणं तर दूरच. वेक्सफर्ड शहरातली बाप्तिस्म्याची वही १६७१ पर्यंत मागे जाते, पण तो अपवाद आहे. शहरांत आणि सुपीक पूर्व भागात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वह्या सापडतात. पश्चिमेकडच्या गरीब, गेलिक बोलणाऱ्या भागात अनेक ठिकाणी त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुरूच झाल्या नव्हत्या. १८४५ नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि किमान तेवढीच देश सोडून गेली. ज्या भागात हा घाव सर्वांत खोल होता, त्याच भागात नोंदी सर्वांत उशिरा सुरू झाल्या. मेयो किंवा वेस्ट गॉलवेहून १८४७ मध्ये निघालेल्या माणसाचा बाप्तिस्मा कागदावर न सापडणं, हे त्यामुळे अगदी शक्य आहे. तो कागद जळालेला नाही, तो लिहिलाच गेला नव्हता. शोधणाऱ्याने या दोन गोष्टींत गल्लत करू नये. जळालेल्या वहीची नक्कल कुठे तरी सापडू शकते. न लिहिलेल्या नोंदीसाठी मात्र जमिनीची आणि कराची दप्तरं चाळावी लागतात: १८२० आणि ३० च्या दशकातली चर्चच्या दशांश कराची पुस्तकं आणि १८४७ ते १८६४ दरम्यान रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली झालेलं जमिनीचं मूल्यांकन. त्यांत कुटुंबप्रमुखाचं नाव मिळतं, बायको-मुलांचं नाही.

सरकारी नोंदणीचा इतिहास दोन टप्प्यांत आहे. १ एप्रिल १८४५ पासून फक्त बिगर-कॅथलिक लग्नं नोंदली जाऊ लागली. १ जानेवारी १८६४ पासून सर्वांचे जन्म, मृत्यू आणि लग्नं. ही मधली १९ वर्षांची फट कशी पडली, हे कळलं तर पुढचं बरंच समजतं. प्रेस्बिटेरियन पाद्र्याने लावलेलं मिश्र लग्न वैध की नाही, यावर १८४४ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये निकाल झाला आणि अल्स्टरमधल्या हजारो जोडप्यांची लग्नं अडचणीत आली. त्यातून घाईने कायदा आला. कॅथलिक चर्चला मात्र आपल्या संस्कारात सरकारी हस्तक्षेप नको होता, म्हणून त्यांची लग्नं बाहेर ठेवली गेली. कॅथलिक पाद्र्याने एका कॅथलिक आणि एका प्रोटेस्टंट व्यक्तीचं लग्न लावलं, तर ते १८७० पर्यंत कायद्यासमोर लग्नच नव्हतं. थेरेसा लाँगवर्थ या स्त्रीचं प्रकरण त्या काळी फार गाजलं. मेजर येल्व्हर्टन या अधिकाऱ्याने १८५७ मध्ये कॅथलिक पाद्र्यासमोर तिच्याशी लग्न केलं आणि पुढच्याच वर्षी दुसरं लग्न केलं. डब्लिनच्या ज्यूरीने १८६१ मध्ये तिच्या बाजूने कौल दिला, पण शेवटी ती हरली. १८७० मध्ये कायदा बदलण्यामागे या खटल्याने तापलेलं लोकमतही होतं. म्हणून १८७० पूर्वीचं मिश्र लग्न शोधताना दोन्ही धर्मांच्या वह्या पाहाव्या लागतात. काही जोडप्यांनी धोका नको म्हणून दोन्हीकडे लग्न लावलेलं असतं.

आता मुख्य मुद्दा, जन्माच्या नोंदीचा. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या ओळीत बहुधा पाच गोष्टी असतात: तारीख, मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासह, आणि दोन धर्ममातापित्यांची नावं. पाद्री उत्साही असला तर घर कुठलं तेही. याउलट इंग्लंडमध्ये १८१३ पासून जो छापील नमुना आला, त्यात आईचं फक्त पहिलं नाव यायचं. चर्च ऑफ आयर्लंडच्या वह्यांतही सामान्यतः तीच तऱ्हा. म्हणजे केरीतल्या झोपडीत राहणारी, लिहिता-वाचता न येणारी कॅथलिक शेतमजुरीण आपल्या पूर्ण नावासह कागदावर आहे आणि शेजारच्या खात्यापित्या प्रोटेस्टंट शेतकऱ्याची बायको तिथे नुसती ‘मेरी’ आहे. १८६४ नंतरच्या सरकारी जन्मनोंदीत मात्र सगळ्याच आयांचं माहेरचं आडनाव आलं. त्या नोंदीत बापाचा व्यवसाय आणि राहण्याचं ठिकाणही असतं आणि नोंद कुणी सांगितली तेही. बऱ्याचदा सांगणारी एखादी शेजारीण किंवा आजी असते, आणि तिच्या नावासमोर सहीऐवजी फुली असते.

या माहेरच्या नावाचं मोल कळायला आयरिश नावांचा गोंधळ आधी समजून घ्यावा लागतो. पुढे महानिबंधक झालेले रॉबर्ट मॅथिसन यांनी १८९४ मध्ये आयरिश आडनावांवर अहवाल काढला, त्यात मर्फी पहिल्या क्रमांकावर होतं. मग केली, सलिव्हन, वॉल्श, स्मिथ. पहिल्या नावांचा साठा त्याहून लहान. जॉन, पॅट्रिक, मायकेल, जेम्स. मेरी, ब्रिजेट, मार्गारेट, कॅथरिन. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं, ही रीत अनेक घरांत पाळली जायची. त्यामुळे चार भावांना प्रत्येकी एक पॅट्रिक, आणि सगळे एकाच पंचक्रोशीत. ‘पॅट्रिक सलिव्हन, जन्म अंदाजे १८६८, केरी’ एवढीच माहिती असलेल्याला डझनावारी पॅट्रिक सापडतील. पण ‘आई: जोहाना लीन’ एवढं कळलं की यादी दोन-तीन नावांवर येते. म्हणून जाणते संशोधक सांगतात की पूर्वजाचा स्वतःचा दाखला सापडत नसेल तर त्याच्या भावंडांचे शोधा. आई-बापाची जोडी हाच खरा पत्ता. अनुक्रमणिकेत आईचं आडनाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून छापलं जाऊ लागलं. त्याआधीच्या काळासाठी मूळ पानच पाहावं लागतं.

आडनावांचे अनेक रूपभेदही आहेत. ‘ओ’ आणि ‘मॅक’ हे उपसर्ग इंग्रजी अमलात गळून पडले आणि राष्ट्रवादाच्या लाटेत पुन्हा चढले, त्यामुळे एकाच घरात बाप सलिव्हन आणि मुलगा ओ’सलिव्हन असतो. कॅथलिक पाद्री लॅटिनमध्ये लिहायचे, म्हणून जेम्स हा जेकोबस होतो, विल्यम हा गुलिएल्मस, नोरा ही होनोरिया. गेलिक नावांना इंग्रजी पोशाख चढवताना तर डिअर्मिडचा जेरेमाया झाला आणि कोनोरचा कॉर्निलियस. नोंद गेलिक बोलणाऱ्या आईने सांगितली आणि इंग्रजी जाणणाऱ्या डॉक्टरने लिहिली, तर कानावर पडलेलं कसं उतरलं असेल, याचा अंदाज करूनच वाचावं. हा डॉक्टर म्हणजे बहुधा सरकारी दवाखान्याचा वैद्य. स्थानिक निबंधकाचं कामही त्याच्याकडेच असायचं.

जन्मतारखेवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ठरलेल्या मुदतीनंतर नोंद केली तर दंड होता, म्हणून आईबाप जन्मतारीख पुढे सरकवून सांगायचे. बाप्तिस्मा जन्माच्या आधी झाल्याचं जिथे दिसतं, तिथे बाप्तिस्म्याची तारीख खरी धरावी. आजारी पडलं तर मूल बाप्तिस्म्याविना जाऊ नये म्हणून तो दोन-तीन दिवसांत उरकला जायचा. वयाचं तर विचारूच नका. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन सुरू झालं, जास्तीत जास्त आठवड्याला पाच शिलिंग. त्या वयाच्या कुणाचाच सरकारी जन्मदाखला नव्हता. १९०१ मध्ये साठ वर्षांची असलेली माणसं १९११ मध्ये पंच्याहत्तरीची झालेली दिसतात, ती यामुळे. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर प्रचंड वादळ आलं होतं. ते आठवतं का, असं अधिकारी विचारायचे. आठवतं म्हणणाऱ्यांची संख्या अर्थातच मोठी होती. पण पुरावा हवा असलेल्यांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत आपलं नाव शोधून द्यावं म्हणून अर्ज केले. अर्जात आई-बापाची नावं, त्यात आईचं माहेरचंही, आणि लहानपणीचा पत्ता लिहावा लागे. कारकुनांनी मूळ पत्रकं काढून जे सापडलं ते अर्जांवर उतरवलं. पुढे मूळ पत्रकं जळाली आणि हे अर्ज उरले. एखाद्या म्हातारीने आठवड्याच्या पाच शिलिंगांसाठी केलेली खटपट आज तिच्या पणतूला थेट १८४१ किंवा १८५१ पर्यंत मागे नेते. माझ्या मते आयरिश वंशशोधातला हा सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत कमी वापरला जाणारा साठा आहे.

लग्नाची नोंद वेगळ्या स्वभावाची आहे. सरकारी लग्ननोंदीत वधू-वरांची नावं, वय, व्यवसाय, लग्नावेळचं राहण्याचं ठिकाण, दोघांच्या बापांची नावं आणि व्यवसाय, आणि दोन साक्षीदार. आया त्यात नाहीत. आयर्लंडच्या लग्ननोंदीत आईचं नाव यायला १९५७ उजाडावं लागलं. वयाच्या जागी अनेकदा नुसतं ‘सज्ञान’ लिहिलेलं असतं, म्हणजे २१ किंवा त्याहून जास्त. चाळिशीतला नवरदेवही त्यात बसतो. जन्मनोंद आई देते, लग्ननोंद बाप देते, आणि दोन्ही एकमेकींवर ठेवल्या तरच दोन पिढ्या जुळतात. १९११ च्या जनगणनेत विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, आणि त्यातली किती हयात आहेत, हे विचारलं होतं. १९११ मधून वर्षं वजा केली की लग्नाचं साल हाती येतं. आणि जन्मलेली अकरा, हयात सात, अशी उत्तरं एकापाठोपाठ वाचताना हात थांबतो.

लग्न शोधायचं कुठे आणि केव्हा, यालाही रीत होती. कॅथलिक चर्च ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात लग्नं लावत नसे. शेतीची कामं संपलेली, उपवासकाळ सुरू व्हायचा, म्हणून त्याआधीच्या आठवड्यांत लग्नांची एकच गर्दी उडायची; फेब्रुवारीतल्या एका मंगळवारच्या पानावर एकामागून एक लग्नं दिसतात. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये व्हायचं. त्यामुळे नवऱ्याच्या गावात नोंद सापडली नाही म्हणून निराश होणारे चुकीच्या दारात उभे असतात. साक्षीदारांकडे दुर्लक्ष करू नये; ते भाऊ, बहीण, चुलत भावंडं असतात आणि पुढे तेच बाळाचे धर्ममातापिता होतात. विधवेचं दुसरं लग्न असेल तर तिचं नाव बऱ्याचदा पहिल्या नवऱ्याच्या आडनावाने लिहिलेलं असतं, आणि तिथे माहेरचा धागा तुटतो. मग तिच्या बापाच्या नावाकडे पाहायचं: बापाचं आडनाव वेगळं दिसलं की तेच तिचं माहेर.

जागेचं गणित वंशशोधाला लागणाऱ्या लोकांना सर्वांत जास्त छळतं. आयर्लंडमध्ये ३२ परगणे, त्यांच्या पोटात सरकारी पॅरिश, त्यांच्याहून वेगळ्या सीमांचे कॅथलिक पॅरिश, आणि सगळ्यांच्या तळाशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड. टाउनलँड म्हणजे वाडीएवढा जमिनीचा तुकडा. ग्रामीण आयर्लंडमध्ये पत्ता त्यावरूनच. नोंदणीचे जिल्हे मात्र गरिबांच्या मदतीसाठीच्या कायद्याच्या केंद्रांवरून आखले गेले होते आणि ते परगण्यांच्या सीमा ओलांडून जायचे. त्यात नावं बदलली: ऑफली हा तेव्हा किंग्ज काउंटी होता, कोव्ह बंदर क्वीन्सटाउन होतं, बर हे पार्सन्सटाउन. टाउनलँड कळलं नाही तर मर्फी-केलींच्या समुद्रात बुडायला होतं. म्हणून शोध परदेशातून सुरू करावा: अमेरिकेतला मृत्युदाखला, थडग्यावरचा दगड, चर्चमधली लग्ननोंद, जुनं पत्र. आयर्लंड त्यानंतर.

या पद्धतीची कसोटी लागली ती ॲनी मूरच्या बाबतीत. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवरचं स्थलांतरित केंद्र उघडलं, तेव्हा पहिली नोंद झाली ती कॉर्कहून आलेल्या या मुलीची. पुढे अनेक वर्षं असं मानलं गेलं की ती टेक्ससला गेली आणि तिथे अपघातात वारली. त्या कुटुंबाला समारंभांना बोलावलंही जायचं. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक या संशोधिकेने दाखवून दिलं की टेक्ससची ॲनी मूर मुळात इलिनॉयमध्ये जन्मली होती. खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच राहिली, तिने शायर आडनावाच्या माणसाशी लग्न केलं, तिला बरीच मुलं झाली आणि १९२४ मध्ये ती वारली. क्वीन्समधल्या तिच्या कबरीवर नावसुद्धा नव्हतं. माहेरचं नाव माहीत होतं, सासरचं नाही, म्हणून एका देशाने दुसऱ्याच बाईचा सन्मान केला. बराक ओबामांच्या बाबतीत धागा उलट दिशेने जुळला. त्यांच्या आईच्या डनहम घराण्यात मेरी ॲन कर्नी ही लग्न करून आलेली. तिच्या माहेरचा माग काढत गेल्यावर १८५० मध्ये ऑफलीतलं मनीगॉल सोडून गेलेला तिचा बाप, फॅलमथ कर्नी, सापडला. तिथल्या चर्च ऑफ आयर्लंडच्या पाद्र्याने जुन्या वह्यांत कर्नींच्या नोंदी शोधून दिल्या. त्या वह्या डब्लिनला न जाता गावाकडे राहिल्या, हे नशीबच म्हणायचं. ओबामा २३ मे २०११ रोजी मनीगॉलला गेले.

या शोधाचा एक रस्ता मुंबई-पुण्याकडेही येतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेत आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपीय पलटणींत आयरिश माणसांचा मोठा भरणा होता. मुंबईच्या रक्षणासाठी १६६२ मध्ये उभी राहिलेली आणि पुढे बॉम्बे फ्युझिलियर्स म्हणून ओळखली गेलेली पलटण १८८१ मध्ये थेट रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली. १९२२ मध्ये ती बरखास्त झाली. कुलाबा, पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर या छावण्यांत जन्मलेल्या आयरिश मुलांचे बाप्तिस्मे आणि तिथली लग्नं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जायच्या, आणि मुंबई इलाख्याच्या त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत भारत कार्यालयाच्या दप्तरात आहेत. त्या चर्चच्या इंग्रजी नमुन्यातल्या असल्याने बाप्तिस्म्यात आईचं माहेर बहुधा मिळत नाही. पण बापाचे सेवानिवृत्तीचे कागद मिळाले तर त्यात त्याचं जन्मस्थान पॅरिश आणि परगण्यासह लिहिलेलं असतं, आणि तिथून पुन्हा आयर्लंडच्या वहीत शिरता येतं. पुण्याच्या एखाद्या अँग्लो-इंडियन घरात सांगितली जाणारी ‘आमचे पणजोबा आयरिश’ ही गोष्ट अशी पडताळून पाहता येते.

आज या वह्या पाहणं सोपं झालं आहे, आणि त्याबद्दल आयर्लंड सरकारचं मनापासून कौतुक करायला हवं. राष्ट्रीय ग्रंथालयाने १९५० च्या दशकापासून कॅथलिक वह्यांचं सूक्ष्मचित्रण केलं होतं. जुलै २०१५ मध्ये हजाराहून जास्त पॅरिशच्या या वह्यांची सुमारे पावणेचार लाख छायाचित्रं, साधारण १८८० पर्यंतची, सर्वांना मोफत खुली झाली. सरकारच्या आयरिश जीनिऑलॉजी या संकेतस्थळावर १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीची लग्नं आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानांसह पाहता येतात. ही मुदत का, याचंही कारण आहे: २०१४ मध्ये अलीकडच्या काळातली अनुक्रमणिकाही खुली केली गेली होती, आणि जिवंत माणसांची जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव कुणालाही दिसू लागल्याने ती मागे घ्यावी लागली. बँका ओळख पटवायला तेच दोन प्रश्न विचारतात. उत्तर आयर्लंडच्या १९२२ नंतरच्या नोंदी बेलफास्टच्या दप्तरात वेगळ्या पाहाव्या लागतात.

कॅथलिक वहीच्या समासात काय आहे ते न पाहता पुढे जाणं ही सर्वांत महाग पडणारी घाई. १९०८ पासून व्हॅटिकनच्या आदेशाने असा नियम झाला की कुणाचं लग्न कुठेही झालं तरी ते त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहायचं. म्हणून १८८० मध्ये क्लेअरमध्ये बाप्तिस्मा झालेल्या मुलीच्या नावापुढे समासात ‘बोस्टन, १९१०’ आणि नवऱ्याचं नाव असू शकतं. जन्म आणि लग्न, दोन खंड आणि तीस वर्षं, एका ओळीत. यांत्रिक सूचीत हा समास अनेकदा येत नाही. तयार वंशवृक्ष एकमेकांचे उतरवून घेणाऱ्यांनी नुसती सूची पाहून समाधान मानलं की चुका वाढत जातात. मूळ पान पाहिल्याशिवाय नातं मान्य करू नये, असं मी आग्रहाने म्हणेन.

या सगळ्या व्यवस्थेचा पाया, आईचं नाव खरं लिहिलेलं असेल या विश्वासावर आहे. विसाव्या शतकात आयर्लंडमध्ये हजारो स्त्रियांच्या बाबतीत तो विश्वास मोडला गेला. अविवाहित गरोदर मुलींना धर्मसंस्था आणि सरकार यांच्या आश्रयगृहांत ठेवलं जायचं आणि मुलं दुसऱ्यांना दिली जायची. कायदेशीर दत्तक १९५३ पर्यंत नव्हतंच. काही ठिकाणी मूल घेणाऱ्या जोडप्यालाच जन्मदाते म्हणून नोंदवलं गेलं. एका दत्तक संस्थेच्या कागदांत ‘जन्मापासून दत्तक’ अशा शेऱ्यांवरून १९४६ ते १९६९ मधल्या अशा १२६ बेकायदा नोंदी उघड झाल्या, असं सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलं. त्या माणसांचा जन्मदाखला खरा दिसतो, शिक्का खरा असतो, आणि त्यातली आई खोटी असते. गॉलवेतल्या ट्यूम गावात स्थानिक इतिहासकार कॅथरिन कॉर्लेस यांनी तिथल्या आश्रयगृहात वारलेल्या मुलांचे दाखले निबंधक कार्यालयातून एकेक करून मिळवले. १९२५ ते १९६१ दरम्यानचे ७९६ दाखले, आणि त्या मुलांच्या दफनाची नोंद मात्र नाही. त्यांच्या चिकाटीमुळे देशाला चौकशी करावी लागली, २०२१ मध्ये आयोगाचा अहवाल आला, आणि जुलै २०२५ मध्ये त्या जागी उत्खनन सुरू झालं. वंशशोधकाची हीच साधनं, हीच अनुक्रमणिका, हेच दाखले. ज्यांना हा छंद हौशी म्हाताऱ्यांचा वाटतो त्यांनी कॉर्लेस यांचं काम पाहावं.

३ ऑक्टोबर २०२२ पासून आयर्लंडमध्ये दत्तक गेलेल्या आणि आश्रयगृहांत जन्मलेल्या माणसांना आपला संपूर्ण, काहीही न झाकलेला जन्मदाखला मिळवण्याचा कायदेशीर हक्क आहे. या हक्कासाठी त्यांनी अनेक दशकं लढा दिला. तोवर ‘आईची गुप्तता’ हे कारण देऊन दार लावलं जायचं. आता साठीतली, सत्तरीतली माणसं अर्ज करतात. दाखल्यावर बापाचा रकाना बहुधा रिकामा असतो. आईचं नाव, तिचं माहेरचं आडनाव आणि जन्माचं ठिकाण असतं. तिथून पुढे पद्धत जुनीच: त्या आडनावाची त्या वयाची मुलगी कुठल्या टाउनलँडमधली, तिची भावंडं कोण, आणि नंतरच्या वर्षांत तिचं लग्न कुणाशी, कुठल्या पॅरिशमध्ये नोंदलं गेलं.